वाचकांचे प्रश्न : घोड्याच्या जीनोमचा नकाशा, त्यातून काय कळतं आणि काय नाही

मागच्या अंकात घोड्याच्या जीनोमवर, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएवर, एक छोटी चौकट दिली होती, आणि तिच्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर घोड्यांनीच खाल्लंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी रेसमध्ये कुठल्या घोड्यावर पैसे लावू असं विचारलंय त्यांना आधीच सांगतो, ते उत्तर इथे मिळणार नाही.

प्रश्न : सर नमस्कार, चौकटीत एकदा ‘मॅपिंग’ लिहिलंय आणि एकदा ‘सिक्वेन्सिंग’. दोन्ही एकच ना? आणि घोड्याचा जीनोम म्हणजे नक्की कुठल्या घोड्याचा, जगात तर लाखो घोडे आहेत.

उत्तर : दोन्ही एकच नाही, पण हल्ली लोक बोलताना सरमिसळ करतात, चौकटीत आम्हीही केलीच. असं बघा, पोथीची सुटी पानं वाऱ्याने उडून विस्कटली तर प्रत्येक पान वाचून काढणं हे एक काम आणि कुठलं पान कुठल्याच्या मागे हे लावणं हे दुसरं. वाचणं म्हणजे सिक्वेन्सिंग, क्रम लावणं म्हणजे मॅपिंग.

गंमत म्हणजे घोड्याच्या बाबतीत क्रम लावायचं काम आधी सुरू झालं, वाचायची मशिनं तेव्हा परवडतच नव्हती. १९९५ साली अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला वेगवेगळ्या देशांतले शास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी ठरवलं की आपापल्या लॅबमध्ये दडवून न ठेवता सगळ्यांनी मिळून घोड्याचा नकाशा करायचा. तेव्हाची एक पद्धत म्हणजे लिंकेज मॅप. दोन जागा क्रोमोसोमवर, म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यावर, एकमेकींच्या जवळ असल्या तर त्या बहुतेक वेळा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात, लांब असल्या तर मधे तुटून वेगळ्या होतात, म्हणून भरपूर पिल्लं तपासली की कोण कोणाच्या किती जवळ ते कळतं. उंदरात हे सोपं. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि बहुतेक वेळा एकच शिंगरू देते, मग भरपूर पिल्लं आणायची कुठून? म्हणून एकाच वळू घोड्याची वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली शिंगरं, म्हणजे सावत्र भावंडं, घेऊन काम भागवलं.

दुसरी पद्धत मला जास्त भन्नाट वाटते. घोड्याच्या पेशींवर जोरदार रेडिएशन मारायचं, त्यात क्रोमोसोमचे तुकडे होतात, मग त्या पेशी हॅमस्टरच्या पेशींशी जोडायच्या. हॅमस्टरची पेशी घोड्याचे काही तुकडे सांभाळते, बाकीचे टाकून देते. अशा अनेक पेशी वाढवून बघायचं की घोड्याच्या कुठल्या दोन खुणा सारख्या एकत्रच सापडतायत, त्या शेजारी शेजारी असणार. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात भानू चौधरी यांच्या टीमने या पद्धतीचे मोठे नकाशे केले. शिंगरू जन्मायची वाट बघायची गरजच नाही!

आता कुठला घोडा. तर ती घोडी आहे, नाव ट्वायलाइट, थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीची, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कळपातली. तिच्या डीएनएचं वाचन ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये झालं, मसुदा २००७ च्या सुरुवातीला सगळ्यांसाठी खुला केला आणि सविस्तर पेपर २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. डीएनएची साधारण २७० कोटी अक्षरं आणि वीस हजारांच्या आसपास जीन्स, म्हणजे एकेका कामाच्या सूचना असलेले तुकडे. तिलाच निवडलं याचं एक कारण म्हणजे ती बरीच इनब्रेड, म्हणजे जवळच्या नात्यातल्या आईबापांची, होती. आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रती जितक्या सारख्या तितकं जुळवणाऱ्याचं डोकं कमी फिरतं. पण एकट्या घोडीवरून सगळ्या घोड्यांबद्दल बोलता येत नाही म्हणून अरबी, आइसलँडिक, क्वार्टर हॉर्स, अखल-टेके अशा सात जातींचे नमुने शेजारी ठेवून फरक शोधले, दहा लाखांहून जास्त ठिकाणी एका अक्षराचा फरक सापडला. आज जातीजातींची तुलना होते ती याच फरकांच्या जोरावर.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, ट्वायलाइट मादी, त्यामुळे तिच्या जीनोममध्ये फक्त नरात असणारा वाय क्रोमोसोमच नाही! वळूची बाजू पूर्ण गायब. वायचा नीट नकाशा वेगळा करावा लागला, तो २०१८ मध्ये आला. त्याच वर्षी ट्वायलाइटच्याच डीएनएवर नव्या तंत्राने सुधारलेली आवृत्तीही निघाली, इक्वकॅब ३. हल्लीच्या पेपरात हे नाव दिसतं ते हेच.

प्रश्न : मी नववीत आहे. पुस्तकात लिहिलंय की खेचराचे क्रोमोसोम ६३ म्हणजे विषम असतात म्हणून त्याला पिल्लं होत नाहीत. हे बरोबर आहे का?

उत्तर : अर्धं बरोबर आहे रे. घोड्याचे ६४, गाढवाचे ६२, घोडी आणि नर गाढव यांचं खेचर, त्याचे ६३, इथपर्यंत छान. पण आता हे ऐक. मंगोलियाचा जंगली घोडा आहे ना, प्रझेवाल्स्की, त्याचे ६६ असतात. तो आणि पाळीव घोडा यांच्या पिल्लाचे होतात ६५, हेही विषमच, आणि तरी त्या पिल्लाला पुढे व्यवस्थित पिल्लं होतात. मग विषम आकडा एकटा दोषी कसा?

खरा घोळ मांडणीचा आहे. प्रझेवाल्स्की आणि पाळीव घोडा यांच्यात मुख्य फरक एवढाच की एकाचे दोन क्रोमोसोम दुसऱ्यात चिकटून एक झालेत, बाकी जीन्सचा क्रम तोच, त्यामुळे जोड्या लावताना ते दोघं त्या एकाच्या बाजूला जाऊन बसतात आणि काम होतं. घोडा आणि गाढव यांच्यात मात्र बरेच क्रोमोसोम तुटून, उलटून, दुसरीकडे जोडले गेलेत, त्यामुळे खेचराच्या शरीरात शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना जोड्याच धड लागत नाहीत. मादी खेचराला पिल्लू झाल्याच्या अगदी तुरळक नोंदी आहेत, पण त्यावर भरवसा ठेवू नकोस. आणि परीक्षेत पुस्तकातलंच लिही, मार्क जायला नकोत. माउंटन झेब्र्याचे किती असतात माहितीय? फक्त ३२.

प्रश्न : आमच्या ओळखीच्यांनी शिंगरू विकत घेतलं. कागदावर आई चेस्टनट, बाप चेस्टनट आणि शिंगरू काळं. विकणारा म्हणतो आजोबावर गेलंय. असं होतं का?

उत्तर : आजोबावर जायला आईबापातून जावं लागतं, आणि इथे वाट बंद आहे.

घोड्याच्या अंगात काळा रंग तयार व्हायला एमसी१आर नावाचा जीन चालू लागतो. चेस्टनट म्हणजे पूर्ण तांबूस घोड्यात त्या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, हे १९९६ मध्येच कळलंय. आईकडे चालू प्रत नाही, बापाकडे नाही, तर शिंगराला येणार कुठून? चेस्टनट गुणिले चेस्टनट बरोबर चेस्टनट, हे ब्रीडर लोकांना जीन वगैरे माहीत नसतानाही अनुभवाने माहीत होतं. उलटं मात्र होतं हं, दोन काळ्या घोड्यांना तांबूस शिंगरू होऊ शकतं, दोघंही एक एक बिघडलेली प्रत लपवून असले तर.

पण लगेच भांडायला जाऊ नका. लिव्हर चेस्टनट नावाची छटा इतकी गडद असते की लांबून काळीच वाटते. म्हणून आधी शिंगराची रंगाची टेस्ट करा. तो खरोखर काळा निघाला तर मग पेरेंटेज टेस्ट. डीएनएमधल्या ठरलेल्या साधारण डझनभर जागा बघतात आणि प्रत्येक जागी शिंगराची एक प्रत आईशी, एक बापाशी जुळायला हवी. एखाद्या जागी जुळलं नाही तर लॅब लगेच निकाल देत नाही, क्वचित म्युटेशन, म्हणजे आपोआप झालेला बदलही असतो, पण चार-पाच जागी जुळलं नाही तर कागद चुकीचा. पूर्वी हेच रक्तगटावरून करायचे, त्यात खूप भामटे सुटायचे.

रंगाचा विषय निघालाच आहे तर ग्रे घोड्याबद्दल तिघांनी विचारलंय. पांढरा दिसणारा बहुतेक घोडा जन्मतः गडद असतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. २००८ मध्ये स्वीडनच्या टीमने कारण शोधलं, एसटीएक्स१७ या जीनमध्ये ४६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलाय. रंग तयार करणाऱ्या पेशी त्यामुळे जास्त कामाला लागतात, केसांसाठीचा त्यांचा साठा लवकर संपतो, आणि कातडीत त्याच पेशी गाठी करतात. १५ वर्षांपुढच्या ग्रे घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांना मेलॅनोमा, म्हणजे याच गाठी, होतो. शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, कानाच्या मुळाशी हात फिरवून बघत जा, खरारा करताना आपोआप होईल.

प्रश्न : आमची अरबी घोडी टेस्टमध्ये एससीआयडी कॅरिअर निघाली. ती पूर्ण ठणठणीत आहे पण एका ओळखीच्या ब्रीडरने सांगितलं की आता तिच्यापासून शिंगरू घेणं म्हणजे पाप, लाइनच (वंशच) बंद करा. खूप वाईट वाटलं. काय करावं?

उत्तर : ताई, घोडी ठणठणीत आहे आणि आयुष्यभर ठणठणीतच राहील, या बाबतीत तरी. आणि लाइन बंद करायची काहीही गरज नाही, हे मी ठासून सांगतोय.

आधी आजार काय ते. पेशीत डीएनए कापून परत जोडायचं काम करणारा एक जीन आहे, अरबी घोड्यात त्यातली पाच अक्षरं गळालेली सापडली, १९९७ मध्ये. शरीर अँटिबॉडी तयार करताना डीएनएची हीच कापाकापी करतं, त्यामुळे दोन्ही प्रती बिघडलेल्या शिंगराला प्रतिकारशक्तीच नसते. आणि फसवं किती बघा, जन्मल्यावर शिंगरू अगदी नॉर्मल, उड्या मारतं, कारण आईच्या चिकातून आलेल्या अँटिबॉडीज पहिले काही आठवडे सांभाळतात. त्या संपत आल्या की नाकातून स्राव, खोकला, न्युमोनिया, औषधाने जरा बरं, परत तेच, आणि बहुतेक पाच महिन्यांच्या आत जातं. टेस्ट नव्हती तेव्हा लोक जागेला नाहीतर नशिबाला दोष द्यायचे.

एकच प्रत बिघडलेली असली तर काही होत नाही, दुसरी प्रत काम निभावते. म्हणजे तुम्हाला एकच पाळायचंय, वळू निवडताना त्याची टेस्ट मागायची आणि तो क्लिअर असला पाहिजे. मग एकही शिंगरू आजारी होणार नाही, सरासरी निम्मी कॅरिअर होतील. कॅरिअरला कॅरिअर लावला तर दर शिंगरामागे चारातला एक धोका. बस एवढंच गणित. सगळे कॅरिअर बाद केले तर त्यांच्याबरोबर चांगले पाय, चांगला स्वभाव, बाकीचे हजारो जीन्सही बाद होतात, आणि जात आणखी आखडली की उद्या दुसराच कुठला तरी लपलेला दोष डोकं वर काढतो. बंद स्टडबुकच्या जातींना, म्हणजे जिथे वंशाच्या नोंदवहीत बाहेरचं रक्त घेत नाहीत त्यांना, हे परवडणारं नाही.

लाइन आवरायला लागते ते वेगळ्या प्रकारात. एचवायपीपी हा स्नायूंचा आजार घ्या. क्वार्टर हॉर्समध्ये इम्प्रेसिव्ह नावाचा एक वळू होता, स्नायू असे की शोमध्ये बघणारे वेडे व्हायचे, त्याची हजारो वंशजं झाली, आणि पुढे त्याच लाइनमधले घोडे मधेच थरथरायला लागले, मागचे पाय लटपटायचे, काही कोसळून मरायचे. १९९२ मध्ये कळलं की स्नायूतल्या सोडियमच्या दारासाठीच्या जीनमध्ये एक अक्षर बदललंय, दार नीट बंद होत नाही. स्नायू आपोआप आवळत राहतात म्हणून तर ते इतके फुगलेले दिसायचे, म्हणजे परीक्षक बक्षीस देत होते ते आजारालाच! इथे एकच प्रत पुरते, कॅरिअर वगैरे भानगडच नाही. अमेरिकेच्या क्वार्टर हॉर्स संघटनेने २००७ पासून जन्मलेल्या, दोन्ही प्रती दोषी असलेल्या शिंगरांची नोंदणीच बंद केली. तीही फक्त दोन्ही प्रतीवाल्यांची. बाजारात वजन असलेल्या लाइनला हात लावायला सगळेच बिचकतात, हे माझं मत.

आणि ज्यांना पांढऱ्या ठिपक्यांचे घोडे आवडतात त्यांनी फ्रेम ओव्हेरो या रंगाच्या नमुन्याची टेस्ट आधी करा. एका प्रतीने अंगावर सुंदर पांढरे पट्टे येतात. दोन प्रती आल्या तर शिंगरू पांढरंशुभ्र जन्मतं, उभं राहतं, दूध पितं, आणि त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात म्हणून पोटदुखीने तडफडून दोन-चार दिवसांत मरतं. माणसांच्या बाळांमध्ये हर्शस्प्रुंग नावाचा आजार असतो, त्यातल्या काही कुटुंबांत हाच जीन बिघडलेला सापडतो. घोड्याचा नकाशा माणसाच्या डॉक्टरांना कशाला हवा असं एकाने विचारलंय, त्याचं उत्तर यात आलं. घोड्याचे १७ क्रोमोसोम तर असे आहेत की त्यातला सगळा माल माणसाच्या एकेकाच क्रोमोसोमशी जुळतो, त्यामुळे इकडचा पत्ता तिकडे शोधायला सोपं जातं.

प्रश्न : ‘स्पीड जीन’ टेस्ट केली तर शिंगरू जिंकणार की नाही ते कळतं म्हणे. करावी का?

उत्तर : जिंकणार की नाही ते कळत नाही. थरोब्रेडमध्ये साधारण कुठल्या अंतराला बरा पडेल याचा अंदाज येतो, इतकंच.

जीनचं नाव मायोस्टॅटिन, तो स्नायूंची वाढ आवरून धरतो. २०१० मध्ये डब्लिनच्या एमलिन हिल आणि त्यांच्या टीमने दाखवलं की त्यातल्या एका जागी दोन्ही प्रतींत सी हे डीएनएचं अक्षर असलेले घोडे छोट्या, वेगवान शर्यतीत चमकतात, दोन्ही टी असलेले लांब पल्ल्याला, आणि सी-टी मधल्या अंतराला. काम चांगलंय, यात शंका नाही. पण लक्षात घ्या, हे थरोब्रेडांची आपापसात तुलना करून काढलंय, आणि हरणाऱ्या घोड्यांमध्येही सी-सी असतातच की. हृदय, फुप्फुसं, टाचा, खुराची ठेवण, ट्रेनर, जॉकी, त्या दिवशीचा ट्रॅक, हे सगळं एका अक्षरात कुठून येणार? ट्रेनिंगची दिशा ठरवायला टेस्ट करा, शिंगराची किंमत ठरवायला नको. ‘चॅम्पियन डीएनए’ असं कोणी जाहिरातीत लिहिलं तर पान उलटा.

प्रश्न : काही घोड्यांवर बसलं की अजिबात हादरे बसत नाहीत, पेला भरून धरला तरी सांडत नाही. ही सवय की रक्त?

उत्तर : बरंचसं रक्त, आणि हा माझा सगळ्यात आवडता किस्सा. आइसलँडच्या घोड्यांमध्ये काही चार चालींचे असतात, काही पाच. पाचवी चाल पेस, म्हणजे एका बाजूचे पुढचा आणि मागचा पाय एकदम उचलायचे, मग दुसऱ्या बाजूचे. स्वीडनच्या टीमने ७० आइसलँडिक घोड्यांचा जीनोम तुलना करून बघितला, फक्त ७०, आणि २३ नंबरच्या क्रोमोसोमवर एकच जागा ठळक उठून आली, डीएमआरटी३. एका अक्षराच्या बदलाने प्रोटीन मधेच तुटतं. पेपर २०१२ चा.

नंतर उंदरात बघितलं तर हा जीन मणक्यातल्या चेतापेशींच्या एका छोट्या गटात काम करतो, डाव्या-उजव्या पायांचा ताळमेळ तिथे बसतो. म्हणजे चाल ठरते त्यातला मोठा भाग पाठीच्या कण्यात! घोड्यात हा ताळमेळ जरा सैल झाला की दुडकी चालीचे हादरे जातात आणि एका बाजूचे पाय एकदम उचलायच्या, गुळगुळीत चाली जमायला लागतात. गाडीला जुंपून दुडकी चालीच्या शर्यती होतात त्या घोड्यांतही हाच बदल भरपूर सापडतो, वेग वाढला तरी ते चौखूर उधळत नाहीत म्हणून. तरी दोन्ही प्रती असलेला प्रत्येक घोडा छान पेस करतोच असं नाही, शिकवावं लागतंच.

प्रश्न : घोडा पहिल्यांदा माणसाळला कुठे, यावर डीएनए काय सांगतो?

उत्तर : आधी सगळ्यांचं बोट कझाकस्तानातल्या बोताईकडे असायचं, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती, घोड्याच्या हाडांचा खच. २०१८ मध्ये त्या हाडांचा डीएनए वाचला तर ते आजच्या घोड्यांचे पूर्वज निघालेच नाहीत, ते निघाले प्रझेवाल्स्कीचे! ज्याला आपण शेवटचा खरा जंगली घोडा म्हणत होतो त्याचे पूर्वज कदाचित बोताईच्या लोकांनी पाळलेले होते. यावर अजून वाद चालू आहे. मग आजचा घोडा कुठला? प्राचीन डीएनए अभ्यासणाऱ्या लुडोविक ऑर्लांडो यांच्या गटाने २७३ प्राचीन घोड्यांचे जीनोम लावून २०२१ मध्ये सांगितलं की व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यातला, आणि तो इसवी सन पूर्व २००० च्या सुमारास इतक्या झपाट्याने पसरला की बाकीच्या जुन्या घोड्यांचे वंश जवळपास पुसले गेले. या घोड्यांत दोन जीन्सवर निवडीच्या खुणा आहेत, एक पाठीच्या ताकदीशी जोडतात, एक शांत स्वभावाशी. बसायचं तर दोन्ही लागतंच.

याच ऑर्लांडोंनी २०१३ मध्ये कॅनडातल्या युकॉनच्या गोठलेल्या जमिनीतून निघालेल्या घोड्याच्या पायाच्या हाडातून जवळपास सात लाख वर्षं जुना जीनोम वाचला होता. त्यावरून घोडा, गाढव, झेब्रा यांचा सामाईक पूर्वज ४० ते ४५ लाख वर्षांपूर्वीचा असा हिशेब निघाला.

प्रश्न : टेस्टसाठी रक्त काढावं लागतं का? आमचा घोडा सुई बघितली की लाथा झाडतो.

उत्तर : नाही, केस चालतात. आयाळीचे किंवा शेपटीचे २०-३० केस बोटाला गुंडाळून झटक्यात उपटा, कात्रीने कापलेले चालत नाहीत, कारण डीएनए केसाच्या मुळाशी असलेल्या छोट्या पांढऱ्या गाठीत असतो. ती गाठ दिसतेय का बघा, नसेल तर परत. शिंगराची आयाळ मऊ असते, मुळं नीट निघत नाहीत, त्याचे शेपटीचे घ्या. केस कोरडे हवेत, कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. आणि एका वेळी एकाच घोड्याचे, मधे हात पुसून, नाहीतर दोघांचे केस मिसळले की लॅबवाले परत पाठवतात आणि लाथा परत तुम्हालाच खाव्या लागतात.